पाऊणकीचा समुद्र

मनोहर घरत या माणसाला मी अकरा वर्षं तोंडावर साहेब म्हणालो. इथे म्हणणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे, पण घरत गेलेला नाही. पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो, संध्याकाळी खाली बाकावर बसतो आणि कुणी न विचारता आज समुद्राला भरती किती वाजता आहे ते सांगतो. समुद्र तिथून घाट उतरून काही तासांवर. बाकावरच्या इतर म्हाताऱ्यांना त्या भरतीचा उपयोग शून्य. तरी ते मान डोलावतात. अकरा वर्षं मीही डोलावली.

माझं तळवड्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गॅस कटरवर हेल्पर म्हणून लागलो होतो, आज चौदा माणसं माझ्या हाताखाली आहेत. घरत निघोज्याजवळच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि त्या कंपनीची बरीच कामं माझ्याकडे यायची. उंच, सुकलेला माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. केबिनमध्ये पांढरा फळा. फळ्यावर वर आठवड्याचं टार्गेट, खाली लाल अक्षरांत भरती आणि ओहोटी. कंपनीत मोटारींचे सांगाडे बनायचे, शेड बनायच्या, जिने बनायचे. लाल अक्षरांचं तिथे काही काम नव्हतं.

सकाळी कँटीनला चहा घेताना तो मनगटावरचं घड्याळ वर करायचा. मग जाहीर करायचा, "आज पंचमी. पावणेचारला भरती."

एकदा एका ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, आमच्या इंद्रायणीला पण येते का हो भरती?"

दुसरा म्हणाला, "तिला नुसता फेस येतो, भावा."

सगळे हसले. घरत हसला नाही. तो कधीच हसायचा नाही, कारण हसायला लागलं की माणूस घड्याळ बघायचं विसरतो, असं त्याला वाटत असावं. तो त्या ड्रायव्हरला म्हणाला, "नदीला वेळ नसते. समुद्राला असते. म्हणून समुद्र मोठा."

ही असली वाक्यं तो इतक्या ठामपणे बोलायचा की ऐकणाऱ्याला यात काहीतरी खोल आहे असं वाटून जायचं. खोल काही नव्हतं. हिशेब साधा होता आणि तो त्यानं मला स्वतःच सांगितला होता. अलिबागच्या बाजूच्या एका गावात तो वाढला. तिथल्या शाळेत लहानपणी पाऊणकी पाठ करून घ्यायचे, पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. आजची तिथी घ्यायची, पाऊणनं गुणायची, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. तृतीया असेल तर सव्वादोन. तिथून सहा तास बारा मिनिटं मागे गेलं की ओहोटी. संपलं. कॅलेंडरवर तिथी बघता येणाऱ्या कुणालाही हे जमेल. पण घरत ते असं सांगायचा, जणू समुद्र रात्री त्याला फोन करून वेळ विचारतो.

आणि त्याचं एक वाक्य होतं. "वेळ चुकत नाही, माणूस चुकतो." हे वाक्य लक्षात ठेवा. ह्या माणसाची सगळी लबाडी त्यात आहे.

दराची बोलणी करायला मी गेलो की तो मला ताटकळत ठेवायचा. एकदा पत्रा महाग झाला म्हणून दर वाढवून मागायला गेलो होतो. तो फळ्याकडे बोट करून म्हणाला, "आत्ता ओहोटी आहे. चारनंतर या."

"साहेब, पत्रावाला मला भरती बघून भाव सांगत नाही."

"म्हणून तर तुम्ही घाबरता आणि मी घाबरत नाही."

मी चार वाजेपर्यंत गेटबाहेर टपरीवर बसलो, मग आत जाऊन टेबलावर हात आपटला आणि दर घेऊनच उठलो. घासाघीस माझ्या रक्तात आहे, ती मी भाजीवालीशी करतो आणि जावयाशीही करतो. पण समोरचा माणूस घासाघीस करायला तयार तरी हवा. घरत तसा नव्हता. तो नुसता घड्याळ दाखवायचा, आणि घड्याळाशी काय भांडणार?

चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकचा किस्सा तिथले लोक अजून सांगतात. कंपनीचा माल घेऊन निघालेले ट्रक चौकात अडकायचे. घरतनं आठवडाभर गेटवर माणूस बसवून नोंदी घेतल्या आणि जाहीर केलं की शिफ्ट सुटल्यावर चौकात उधाण येतं, म्हणून ट्रक अमुक मिनिटाला गेटबाहेर पडला पाहिजे. पंधरा दिवस ट्रक लोण्यातून सुरी जावी तसे गेले. सगळ्यांनी वाहवा केली. मग शेजारच्या एका कंपनीनं शिफ्टची वेळ अर्ध्या तासानं बदलली. त्या दिवशी ट्रक अडीच तास जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी गेटच्या रजिस्टरमध्ये घरतच्या अक्षरात शेरा होता, 'ड्रायव्हर उशिरा निघाला.' ड्रायव्हर वेळेवर निघाला होता. वॉचमननं बघितलं होतं. पण वॉचमनला कोण विचारतो? तेव्हा मीही हसलो होतो. ड्रायव्हर माझा नव्हता.

पण खोटं कशाला बोलू, त्याच्यावर माझा विश्वास बसला तो एका सहलीत. कंपनीनं अलिबागजवळच्या किनाऱ्यावर सहल नेली होती आणि आम्हा ठेकेदारांनाही बोलावलं होतं. सगळे चड्ड्यांवर पाण्यात. घरत बूट-मोजे घालून कोरड्या वाळूत उभा. कुणीतरी ओरडलं, "साहेब, या की पाण्यात!"

"मी समुद्र बघायला आलेलो नाही. तपासायला आलोय."

मग त्यानं काठीनं वाळूत रेघ ओढली. म्हणाला, आज द्वितीया, दीड वाजता पाणी इथवर येईल आणि मागे फिरेल. आम्ही जेवण सोडून रेघेभोवती उभे राहिलो. दीडला पाच कमी असताना एक लाट रेघेला लागली. त्यानंतर दोनदा लागली. मग लागली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माणूस शिष्ट आहे, पण वेळेत खरा आहे, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. त्या तीन लाटा मला फार महागात पडल्या.

दोन वर्षांपूर्वी कंपनीला एक वेगळं काम मिळालं. पार खाली दक्षिण कोकणात, मालवणच्या अलीकडे, एका खाडीच्या तोंडाशी जेटी होती. तिला चालायचा लोखंडी पूल जोडायचा होता. पूल मी बनवला. जेटीकडे जाणारी गल्ली अरुंद, त्यामुळे पूल उचलायची हायड्रा क्रेन ओहोटीच्या वेळी वाळूवरून न्यायची आणि पाणी यायच्या आत बाहेर काढायची असं ठरलं. हायड्रा माझी होती, मी स्वतःच्या नावावर घेतलेली पहिली मोठी वस्तू.

आणि माणसं घेऊन जाणारा होता शंकर.

शंकर लातूरकडचा. नऊ वर्षं माझा हेड फिटर. त्यानं केलेला वेल्ड मी कधी तपासला नाही, कारण तपासायला गेलो तर तो दुखावेल अशी मला भीती वाटायची, आणि मला भीती वाटेल अशी माणसं जगात फार नाहीत. त्यानं समुद्र कधी बघितला नव्हता. निघायच्या आधी मला म्हणाला, "मालक, पाण्याचा टाइम मोबाईलवर दिसतोय म्हणं. बघू का?"

मी म्हणालो, "घरत साहेबांपेक्षा तुझा मोबाईल शहाणा आहे का?"

घरतनं फळ्यावर मांडून दाखवलं होतं. तृतीया, सव्वादोनला भरती, आठ वाजून तीन मिनिटांनी ओहोटी पूर्ण. त्याआधी दीड तास आणि नंतर दीड तास वाळू मोकळी. साडेसहाला उतरा, साडेनऊला बाहेर या. मी विचारलं होतं, "साहेब, ती खाडी तुमच्या गावापासून फार लांब आहे. तिथेही हीच वेळ?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं वेल्डिंगचा चष्मा न घालता ठिणगीकडे बघणाऱ्याकडे मी बघतो. "समुद्र काय तालुक्या-तालुक्याला वेगळा असतो?"

त्या सकाळी मी दुसऱ्या कामासाठी घरतच्याच केबिनमध्ये बसलो होतो. आठ पस्तीसला माझा फोन वाजला. शंकर.

"मालक, पाणी वर यायलंय."

मी फोन स्पीकरवर टाकला. घरत फळ्याकडे न बघता म्हणाला, "शक्यच नाही. ओहोटी संपून अर्धा तास झालाय. लाट आली असेल. काम चालू ठेव."

"साहेब, इथं एक बाई कालवं काढाय आलीया, ती म्हणतीय..."

मागून तिचा आवाज आला, मोठ्यानं. "अरे पाणी कधीचा भरूक लागला! गाडी भायर काढा, मेल्यांनो!"

"मालक, काय करू? पूल अर्धा वर हाय. खाली ठेवून गाडी काढू का?"

घरतनं घड्याळ वर केलं. "साडेनऊ. एक मिनिट आधी नाही."

आणि मी म्हणालो, "शंकर, साहेब सांगतात तसं कर."

नऊ वाजता परत फोन आला तेव्हा हायड्राची चाकं रुतली होती. त्यानंतरचा फोन त्या बाईच्या मोबाईलवरून आला. शंकरला पोहता येत नाही. तिनं त्याचा हात धरून त्याला छातीभर पाण्यातून बाहेर आणलं होतं. बाकीची दोघं आधीच निघाली होती. पूल वाळूत पडून वाकला आणि हायड्राची फक्त बूम, वजन उचलायचा तो लांब हात, दुपारभर पाण्याच्या वर दिसत होती.

घरत खुर्चीत बसून होता. पेनचं टोपण काढायचा, लावायचा. मग म्हणाला, "तुमचा माणूस साडेसहाला उतरलेला नाही. साडेसातला उतरला असणार, नाहीतर साडेआठ उलटून गेल्यावर पूल अर्धाच वर कसा? मासे खाऊन झोपला असेल. वेळ चुकत नाही."

शंकर दुसऱ्या दिवशी तळवड्याला आला. अंगावर तेच कपडे, खाऱ्या पाण्यानं ताठ झालेले. मी शेडमध्ये, सगळ्यांसमोर, त्याला विचारलं, "किती वाजता उतरलास?"

"साडेसहाला, मालक."

"खोटं बोलू नको."

"आईची आण, साडेसहालाच."

मी त्याला खोटारडा म्हणालो. आणखी बरंच म्हणालो, ते लिहिणार नाही. मला ती वाळूतली रेघ दिसत होती आणि तिला लागलेल्या तीन लाटा. शंकरनं हातमोजे काढले, नीट एकावर एक ठेवले आणि गेला. दारात वळून म्हणाला, "वेल्ड कधी तपासला न्हाई तुम्ही माझा. आता वेळ तपासायला लागलाव."

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, घरतच्या सहीचं. 'ठेकेदाराची माणसं वाळूवर एक तास उशिरा उतरल्यामुळे नुकसान झाले.' तो दिवस मला पक्का आठवतो, कारण एकादशी होती आणि माझा उपास होता. पत्र वाचून मी इतका बोललो की उपासाचं पुण्य काही शिल्लक राहिलं नसेल. पण शिव्या शंकरला दिल्या, घरतला नाही.

खरं काय ते मला चार महिन्यांनी कळलं. हायड्राचा सांगाडा काढायला मी स्वतः त्या खाडीवर गेलो. होडीवाल्याला विचारलं, उद्या ओहोटी किती वाजता? त्यानं वेळ सांगितली. मी मनात पाऊणकी केली होती. तासभराचा फरक आला. मी त्याच्याशी हुज्जत घातली.

तो म्हणाला, "खंयचो हिशोब सांगतास, भाऊ? अलिबागचो? तो हंय चलाचो नाय. आमच्याकडे पाणी आधी येता. तासभर आधी."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन जेटीवर बसलो. पाणी होडीवाल्याच्या वेळेला वळलं. मी तिथेच दगडावर बसून राहिलो. समुद्र तालुक्या-तालुक्याला वेगळा असतो. घरतला एकच गाव माहीत होतं, आणि त्यानं सगळ्या समुद्रावर त्याचं नाव टाकून दिलं होतं.

परत आलो तोवर घरत निवृत्त झाला होता. मी त्याला फोन केला. म्हणाला, "होडीवाल्यांचं काय ऐकता?" आणि ठेवला. शंकरला फोन केला, त्यानं उचलला नाही. तो भोसरीत एका वर्कशॉपला लागला होता. तिथल्या मालकानं मला एकदा सहज विचारलं, "तुमच्याकडून आलेला तो फिटर वेळेचा कच्चा आहे म्हणे?" चाकणपासून भोसरीपर्यंत ही गोष्ट पसरली होती. नऊ वर्षांत कामावर एकदाही उशिरा न आलेल्या माणसाला ती चिकटली होती. चिकटवणारे आम्ही दोघं. त्यातला एक मी, हे मला मान्य आहे. पण मी मान्य करतो. दुसरा करत नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्या सोसायटीत गेलो. फार काही मागायला गेलो नव्हतो. पत्र बदला म्हणणार नव्हतो, हायड्राचं नाव काढणार नव्हतो. मला एक वाक्य पाहिजे होतं, तेही माझ्यासाठी नाही. शंकरला फोनवर सांगायचं, 'तू वेळेत उतरला होतास.' एवढंच.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर घरतच्या अक्षरात पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक लावलेलं होतं, मिनिटांसकट. टँकर त्या वेळेला येत असेल असं मला वाटत नाही. तो बाकावर होता. आणखी वाळलेला, शर्टात तीच वही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ. संध्याकाळचे पाच वाजत आले होते.

मी सांगितलं कशासाठी आलोय ते. तो म्हणाला, "तुमची माणसं उशिरा उतरली."

"साहेब, मी स्वतः बघून आलोय. तिथे पाणी तासभर आधी येतं."

"माझ्याकडे नोंद आहे." त्यानं खिशातली वही काढली नाही, वर जाऊन जुनी वही घेऊन आला. इतका अभिमान त्याला त्या वहीचा. चौथ्या मजल्यावरून, गुडघे दुखत असताना. पान उघडून माझ्या हातात दिली. "बघा. तृतीया. आठ तीन. मी जे सांगितलं तेच लिहिलंय."

ते बरोबर होतं. तृतीया, आठ तीन. एक ओळ. मी पान उलटलं. चतुर्थी, एक ओळ. पंचमी, एक ओळ. षष्ठीला दोन ओळी होत्या. 'घर १०:१८. खाडी ९:२०.'

पुढे रोज दोन ओळी. घर, म्हणजे त्याचं अलिबागकडचं गाव, आणि खाडी. खाडी कायम तासभर आधी. मी उलटत राहिलो, एकादशीपर्यंत, ज्या दिवशी त्याचं पत्र माझ्या हातात पडलं. दोन ओळी. तिथून शेवटच्या पानापर्यंत दोन ओळी, एकही दिवस न चुकता. म्हणजे तिसऱ्या दिवशी त्याला कळलं होतं. कुणाला तरी विचारलं असेल, नाहीतर छापील कोष्टक बघितलं असेल. कळलं, वहीत लिहिलं, आणि त्यानंतर त्यानं ते पत्र लिहिलं.

मी वही त्याच्यासमोर धरली. "हे काय आहे?"

"नोंद आहे."

"खाडी वेगळी का लिहिलीत?"

तो खिशातल्या पेनांवर हात फिरवत राहिला. मी आवाज चढवला, मग उतरवला. मी आयुष्यात जितकी घासाघीस केली ती सगळी त्या बाकावर केली. म्हटलं, पूर्ण वाक्य नको, अर्धं बोला. म्हटलं, 'वेळेत' एवढा एकच शब्द बोला, बाकीचं मी जोडतो. शेवटी मी मोबाईल काढला, शंकरचा नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. आजवर न उचलणाऱ्या शंकरनं त्या दिवशी उचलला.

"हॅलो?"

घरत फोनकडे बघत होता. ओठ हलल्यासारखे वाटले.

"हॅलो, कोण? मालक हाव का?"

बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मी फोन स्वतःकडे वळवला. "शंकर, तू साडेसहालाच उतरला होतास."

पलीकडे ग्राइंडर चालू होता. तो थांबला.

"ते मला म्हाईतच हाय, मालक," शंकर म्हणाला. "ते शेडमध्ये म्हणा." आणि त्यानं फोन ठेवला.

माझ्या शेडमध्ये त्या दिवशी उभी असलेली चौदाच्या चौदा माणसं आजही कामाला आहेत. मी गाडीची किल्ली काढली. वही बाकावर ठेवली, फेकली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

गेटपाशी वळून बघितलं. घरतनं खिशातली रोजची वही काढली होती. घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि लिहायला लागला. एक ओळ लिहिली. थांबला. खाली दुसरी लिहिली.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "घरत साहेब, आज भरती कधी हो?"

त्यानं वही मिटून खिशात ठेवली. "आज सप्तमी," तो म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "सव्वापाच."